गोष्ट राहिली पण रान गेले

काही चित्रपट असे असतात की ते कुणी पाहिलेले नसतात आणि तरीही ते सगळ्यांना ठाऊक असतात. बाबूराव पेंटरांचा १९२३ सालचा 'सिंहगड' हा मूकपट त्यांपैकी एक. आमच्या कळंबात तुम्ही कुणालाही विचारा. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगामागे बसलेल्या गृहस्थाला विचारा. तानाजी कडा कसा चढला, दोर कुणी कापले, शेलारमामा कसे गरजले, हे तो गिऱ्हाईक बाजूला ठेवून हातवाऱ्यांसकट सांगेल. 'कुठं पाहिलंत हे?' असे विचारलेत तर तो तुमच्याकडे जरा दयेनेच पाहील आणि म्हणेल, 'बघाया कशाला पायजे? ठावंच हाय की!'

या 'ठावंच हाय की'वर यंदाच्या दिवाळीत चार शब्द लिहावेत असे मनात आहे. फटाक्यांच्या आणि चकल्यांच्या गर्दीत एका हरवलेल्या मूकपटाची कथा कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण ही नुसती सिनेमाची कथा नाही. घरोघरी दिवाळीची साफसफाई चाललेली असते, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, आणि कोणती वस्तू ठेवावी व कोणती टाकावी याचा निकाल एका दुपारात लागतो. त्या निकालाशी या कथेचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

आधी आमच्या मुलखाविषयी सांगतो. आम्ही बालाघाटच्या पठारावरची माणसे. मांजरा नदी, काळी जमीन, ज्वारी, तूर, आणि अलीकडे जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. आमच्याकडे उंच म्हणजे येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर, आणि रान म्हणजे येडशीच्या रामलिंगाची दरी. तिथे पावसाळ्यात धबधबा कोसळतो आणि माकडे बाराही महिने भाविकांचे नारळ पळवतात. पण सह्याद्रीचा कडा, ज्याच्याकडे पाहताना टोपी पडते असा काळा कातळ, हा आमच्या लहानपणी केवळ पुस्तकातला पदार्थ होता. पुण्याच्या मुलाला सिंहगड रविवारी चढता येतो. आम्हांला तो वाचावा लागे.

आम्ही तो वाचला हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीत. ती निघाली १९०३ साली. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले होते आणि त्यांच्या अनेक कादंबऱ्या त्यातून क्रमशः आल्या. पुढचा अंक येईपर्यंत वाचकाला तळमळत ठेवण्याची विद्या त्यांना पक्की अवगत होती. या कादंबरीतही तानाजीच्या लग्नघरापासून थेट कड्यापर्यंत त्यांनी वाचकाला एका दमात नेले नाही. मध्ये त्यांनी कमलकुमारी आणली. इतिहासाच्या कागदांत जिचा पत्ता लागत नाही अशी ही रजपूत स्त्री उदेभानाच्या तावडीत सापडलेली, आणि तिच्या सुटकेची घालमेल वाचकाच्या जिवाला लावून दिलेली. त्यामुळे १६७० च्या फेब्रुवारीतली ती रात्र नुसती लढाईची राहिली नाही, ती वाट पाहण्याचीही रात्र झाली.

या सगळ्या कथेचा प्राण म्हणजे रात्र आणि कडा. दिवसा आणि सपाटीवर ती घडली असती तर शाहिराने डफावर थाप मारली नसती. आणि अंधार लिहिणे फार सोपे असते. 'मिट्ट काळोख होता' असे तीन शब्द लिहिले की वाचकाच्या डोक्यात काळोख होतो. लेखकाला दिव्यात तेलही घालावे लागत नाही. 'समोर कडा होता' म्हटले की ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे कडा उभा करावा. मी माझा कडा येडेश्वरीच्या डोंगराला चौपट ताणून उभा केला होता. त्याच्या पायथ्याशी नारळ-बत्ताशांची दुकानेही होती, कारण ती वगळून डोंगराची कल्पना मला करता येत नसे.

चित्रपटवाल्याचे तसे नसते. त्याला खरा काळोख उपयोगाचा नाही, कारण काळोखात फिल्मवर काहीच उमटत नाही. आणि नुसते 'कडा होता' म्हणून त्याचे भागत नाही, तो दाखवावा लागतो. आता हे काम १९२३ साली कोल्हापुरात कुणी अंगावर घेतले, ते पाहा.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. घराणे कारागिरांचे. लाकूड, दगड, रंग, जे हाती येईल त्याला आकार देणारी ही माणसे. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत, म्हणून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसले. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. त्या काळच्या रंगभूमीवर नायक कितीही घोर अरण्यात शिरला तरी ते अरण्य दोरीने वर ओढता येई. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि या पडदे रंगवणाऱ्या दोघांना हलत्या चित्रांचे वेड लागले. परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी कॅमेरा घरीच बनवायचे ठरवले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरी कारखान्यात घडलेला कॅमेरा फिरू लागला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले गायिका तानीबाई कागलकरांनी. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. हरिभाऊ आपटे मात्र आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, गेले होते. आपला तानाजी पडद्यावर चालताना त्यांनी पाहिला नाही.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या १९०३ साली 'गड आला पण सिंह गेला' निघाली, त्याच साली अमेरिकेत जॅक लंडन यांची 'द कॉल ऑफ द वाइल्ड' निघाली. ती उत्तरेकडच्या बर्फाळ रानातल्या एका कुत्र्याची कथा. आणि ज्या १९२३ साली कोल्हापूरचा 'सिंहगड' आला, त्याच साली तिकडे त्या कादंबरीवर हाल रोच यांच्या कंपनीने मूकपट काढला. लंडनही १९१६ सालीच वारले होते. दोन लेखक, पृथ्वीच्या दोन टोकांना. दोघांनीही रान शब्दांत उभे केले आणि दोघांच्याही मागे, बरोबर वीस वर्षांनी, कॅमेरा ते रान शोधायला निघाला. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नाही. काळच तसा होता. कथा ऐकून आणि वाचून तृप्त झालेल्या जगाला आता ती डोळ्यांनी हवी होती.

पण रात्रीची अडचण उरलीच होती. तोवरचे आपले सगळे सिनेमावाले सूर्याचे आश्रित. चित्रीकरण उघड्यावर किंवा वर पांढरे कापड ताणून उन्हातच करायचे. ढग आला की राजा, राणी आणि राक्षस सगळे मिळून बिडी ओढत बसायचे. रात्र दाखवायची तर भर दुपारी चित्र घ्यायचे आणि मागाहून ती फिल्म निळ्या रंगात बुडवायची. प्रेक्षकही समजूतदार. निळे दिसले की त्यांनी जांभई द्यावी. बाबूरावांना हे पटले नसावे. जो माणूस पडद्यावर चांदणे रंगवत आला त्याला चांदणे आणि निळी यांतला फरक कळतोच. 'सिंहगड'साठी त्यांनी विजेच्या दिव्यांच्या कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले, आणि आपल्याकडे असा प्रयोग पहिल्यांदा करण्याचे श्रेय त्यांना देतात. कादंबरीकाराने तीन शब्दांत आणलेली रात्र आणण्यासाठी यांना यंत्रे राबवावी लागली.

त्या चित्रपटात शेलारमामाचे काम एका एकविशीतल्या पोराने केले. अंगात तरुण रक्त, तोंडावर पांढऱ्या मिशा, आणि वय आख्यायिकेप्रमाणे ऐंशीचे! हा पोरगा म्हणजे पुढे गाजलेले व्ही. शांताराम. चित्रपटाला गर्दी लोटली. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला तोही १९२३ सालीच. 'सिंहगड'ची गर्दी पाहूनच सरकारच्या तोंडाला पाणी सुटले, असे सिनेमाच्या इतिहासात सांगतात. खरे-खोटे सरकार जाणे. पण गर्दी पाहिली की सरकारला कर आठवतो, हे मानायला फारसा पुरावा लागत नाही.

आमचे कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपेपर्यंत शाळा-कचेरीत उर्दूचा अंमल. पलीकडची बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातली. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ पासून लातूरपर्यंत धावत होती आणि तिच्या रुळांनी दोन राज्ये शिवलेली होती. या मार्गावर 'कळंब रोड' नावाचे एक स्टेशन आहे. स्टेशनच्या नावात कळंब आहे, कळंबात स्टेशन नाही. तिथून पुढचा सारा भाग 'रोड'चा. बैलगाडीने स्टेशन गाठायचे आणि गाडीने बार्शी गाठायची. माल विकायचा, मीठ-मिरची घ्यायची, आणि जमले तर तंबूतला सिनेमा पाहून यायचे. त्या पिढीतल्या कित्येकांचे सिनेमाशिक्षण असे सरहद्दीपलीकडे झाले.

अशा एका वृद्ध गृहस्थांची गाठ मला माझ्या लहानपणी पडली. येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते. लाखो लोक चुनखडीचे खडे वेचायला येतात आणि त्या काळी यात्रेबरोबर फिरत्या सिनेमाचे तंबूही येत. पडदा मधोमध टांगलेला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका-पोरे. आम्हां पोरांना सगळा सिनेमा उलटा दिसे. आमचे शिवाजी महाराज डाव्या हाताने तलवार चालवीत, आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. एका रात्री महाराजांवरचाच एक जुना चित्रपट चालू असता यंत्र बिघडले. चित्र चालू, आवाज बंद. आधी शिट्ट्या झाल्या, दगडही पडले असतील. मग मोठी मौज झाली. कुणीतरी पुरुषांच्या बाजूने महाराजांचे वाक्य म्हटले. दुसऱ्याने त्याला अफजलखानाच्या आवाजात उत्तर दिले. बघता बघता साऱ्या तंबूने चित्रपट बोलून काढला, आणि तो मूळच्यापेक्षा बरा झाला असे सगळ्यांचे मत पडले.

त्या गर्दीतून बाहेर पडताना आमच्या ओळखीचे एक म्हातारे म्हणाले, 'आमच्या वक्ताला आसंच असायचं.' मग गाडीतळावर बसून त्यांनी मूकपटाचा सगळा कारभार सांगितला. पडद्याशेजारी पेटी आणि तबला. चित्राच्या मधे मधे अक्षरांच्या पाट्या. पाटी आली की ज्याला वाचता येते त्याने ती मोठ्याने वाचायची, कारण तंबूत वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी विचारले, 'तुम्हांला त्यातलं काय आठवतं?' वाटले, तलवारबाजी सांगतील, घोडे सांगतील. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, 'डोंगरावरचं गवत हालत व्हतं.'

कोणता चित्रपट, कोणता डोंगर, त्यांना काही आठवत नव्हते. नायकाचे नाव गेले होते, कथाही गेली होती. राहिले होते ते हलणारे गवत. तेव्हा मला ते उत्तर पोरकट वाटले. आता त्याचा अर्थ लागतो. ज्यांनी जन्मभर नाटकातले रंगवलेले रान पाहिले, त्यांना पहिल्यांदाच वारा दिसला होता. बाबूरावांसारखा पडदे रंगवणारा माणूस कितीही हुन्नरी असला तरी त्याला वारा रंगवता येत नव्हता. म्हणून तर तो कॅमेरा बनवायला बसला. हरिभाऊंनी वाचकाला कडा दिला, पण तो कडा वाचकाचा स्वतःचा होता. कॅमेऱ्याने दिला तो कुणाचाच नव्हता, तो कड्याचाच होता.

आणि हे नवल अजून संपलेले नाही. २०२४ च्या अखेरीस यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो कोस तुडवीत आमच्या येडशी-रामलिंगच्या रानात येऊन पोहोचला. वनखात्याने झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने त्याचे चित्र टिपले आणि दोन दिवसांत ते कळंबातल्या प्रत्येक खिशात जाऊन बसले. त्या चित्रात गोष्ट नाही, संवाद नाहीत, संगीत नाही. आहे काय, तर रान आणि वाघ. चहाच्या टपरीवर चार चार माणसे एका फोनवर डोकी लावून ते पुन्हा पुन्हा पाहत होती, आणि ज्या झाडाजवळून आपण शंभरदा गेलो ते झाड ओळखू येते का, याची चर्चा चालली होती. वाचकहो, मूकपट मेला असे कोण म्हणतो?

तर असा हा 'सिंहगड'. तो आज कुठे पाहायला मिळेल? कुठेच नाही. आणि तो एकटा नाही. १९३४ पर्यंत आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले सलग म्हणा, तुटक म्हणा, आज जेमतेम तीसेक उरले आहेत. आपणच तेवढे निष्काळजी, असे म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिकडच्या सुमारे ११,००० मूकपटांपैकी ७० टक्के साफ नाहीसे झाले आहेत.

याची कारणे अगदी घरगुती आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती बंदुकीच्या दारूची सख्खी चुलतबहीण. उन्हाळ्यात नीट ठेवली नाही तर ती चिकटते, कुजते, आणि एकदा पेटली तर पाण्यालाही दाद देत नाही. शिवाय फिल्मवर चित्र उमटते ते चांदीच्या क्षारांमुळे. चित्रपट जुना झाला, बोलपट आले, मूकपटाला कुणी विचारीना, की त्या रिळांचा भाव चांदीवरून ठरू लागला. कलाकृती वितळवून चांदी काढायची आणि उरलेले फेकून द्यायचे! घरातली पितळेची जुनी भांडी मोडीत घालतो तोच हा हिशेब. त्यात कुणी दुष्ट नव्हता. सगळे काटकसरी होते.

पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर नावाचा माणूस देशभर रिळांच्या मागे हिंडू लागला. फाळक्यांच्या घरच्यांकडून 'कालिया मर्दन'ची रिळे मिळवून त्यांनी ती जोडून घेतली, म्हणून आज छोट्या मंदाकिनी फाळकेचा कृष्ण आपल्याला दिसतो. पेंटरांच्या कामापैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे अवशेष उरले. पण २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जपून ठेवलेल्यातलेही बरेच गेले. जपण्याचे काम एकदा करून संपत नाही, ते रोजच्या दिवाबत्तीसारखे असते.

कुणी म्हणेल, गेला तर गेला. तानाजीची गोष्ट कुठे गेली? आणि ते खरेच आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १९२९ साली 'प्रभात' काढली आणि १९३३ साली त्याच कादंबरीवर बोलणारा 'सिंहगड' केला. २०२० साली हिंदीत 'तान्हाजी' आला, त्यात तर कडा संगणकावर बनवलेला. गोष्टीचे हे बरे असते. ती पुन्हा सांगता येते. गडही पुन्हा बांधता येतो. पुण्या-कोल्हापुरासारखे आता आमच्याकडेही अंगणात पोरे दिवाळीचा किल्ला करतात. आमच्या काळ्या मातीचा किल्ला वाळला की दुसऱ्या दिवशी तडकतो, बुरुज उदेभानाशिवायच ढासळतो, आणि पोरे तिसऱ्या दिवशी नवा बांधतात. पुढच्या वर्षी पुन्हा.

पण रानाचे तसे नाही. १९२३ सालच्या उन्हात जो दगड चमकला, जे घोडे धापा टाकीत गेले, जी माणसे खरोखरीची पागोटी बांधून आली, ती पुन्हा कशी बांधणार? गोष्ट लेखकाची असते, पण चित्रातले रान त्या दिवसाचे असते. आणि दिवस दुसऱ्यांदा चित्रीकरणाला येत नाही.

याहून जिवाला लागणारे उदाहरण बाबूरावांच्याच १९२५ सालच्या 'सावकारी पाश'चे आहे. तोही कादंबरीवरून, नारायण हरि आपट्यांच्या. त्यात राजे नाहीत, गड नाही. आहे एक शेतकरी. सावकाराच्या कर्जापायी त्याची जमीन जाते आणि तो शहराकडे मजुरीला निघतो. शेतकऱ्याचे काम शांतारामांचे, सावकार झुंझारराव पवार. अंधारातली एक झोपडी आणि तिच्यापाशी भुंकणारे कुत्रे, एवढ्या एका दृश्याची आठवण पाहणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सांगितली. हाही चित्रपट १९३६ साली पुन्हा बोलका करून काढला, म्हणजे गोष्ट वाचली. पण मूळचा मूकपट गेला, आणि त्याच्याबरोबर १९२५ सालचा खेड्यातला उजेड, ती झोपडी, ती माणसे गेली. महाराजांची चित्रे घराघरात आहेत. कर्जात बुडालेल्या कुणब्याचे चित्र कुणाच्या घरात असणार? आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला गडापेक्षा ती झोपडी जवळची. तिच्यासाठी त्याला चौपट ताणलेली कल्पना करावी लागली नसती. नुसते पाहिले असते की आपलाच पणजोबा दिसला असता.

हे मी केवळ सिनेमाच्या प्रेमाने म्हणत नाही. मांजरेवर धनेगावला धरण झाले आणि काठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. धरण हवेच होते, त्याच्या पाण्यावर आम्ही आणि लातूर जगतो. पण त्या पाण्याखाली माझ्या आईचे माहेर आहे. तिथली गोष्ट मला सगळी ठाऊक आहे. वाड्याला किती खण होते, पिंपळ कुठे होता, नदीला उतार कुठून होता, हे आई जन्मभर सांगत आली. २०१६ च्या दुष्काळात धरण कोरडे पडले, मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा आम्ही चिखल तुडवीत तिथे गेलो. जोत्याचे चार दगड दिसले. मुलाने विचारले, 'इथं काय होतं?' मी गोष्ट सांगितली, तीही रंगवून सांगितली. तो ऐकत होता दगडांकडे पाहत. त्याच्या डोक्यात जे घर उभे राहिले ते त्याने पाहिलेल्या कुठल्यातरी घराला ताणूनच उभे राहिले असणार. त्या गावाचे एकही छायाचित्र आमच्यापाशी नाही. पिंपळाची पाने हलताना दिसतील असे तर काहीच नाही.

'ठावंच हाय की' या उत्तरातली खोच ही आहे. ठाऊक असणे आणि दिसणे या दोन वेगळ्या मिळकती आहेत. पहिली तोंडातोंडी वाढते, दुसरी मात्र एकदा गेली की तिचा वारसा कुठल्याच कचेरीत लागत नाही. आपली जात गोष्टीवेल्हाळ. आपण पहिली मिळकत इतकी छान राखतो की दुसरी बुडाल्याचे कळतही नाही.

म्हणून आता साफसफाईकडे येतो. माळ्यावरून उतरलेल्या त्या ट्रंकेत काय काय असते? कुणाच्या लग्नाच्या काळ्या निगेटिव्हांची पुरचुंडी. यात्रेत काढलेला, कडा कुरतडलेला एक समूहफोटो, ज्यात माणसांमागे चुकून जुनी वेस आली आहे. १९९० च्या सुमाराच्या व्हिडिओ कॅसेटी, ज्यांत वऱ्हाड जेवते आहे आणि मागे जो आड दिसतो तो आता बुजला आहे. दुकानाचे उद्घाटन, बैलपोळा, कुणाची तरी निवडणुकीची मिरवणूक. 'काय करायचं ठेवून? यंत्र तरी कुठंय लावायला?' असे म्हणून हे सगळे भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. त्याच्याकडे चांदीचा भावही नसतो, प्लास्टिकचा असतो.

यंत्र मिळते. जिल्ह्याच्या गावी अजून कॅसेट उतरवून देणारे आहेत आणि निगेटिव्हवरून चित्र काढायला आजकाल खिशातला फोनही पुरतो. मात्र ते करताना नुसत्या नवरा-नवरीचे तोंड कापून घेऊ नका. कडेचे राहू द्या. कडेलाच रान असते. आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहा, म्हणजे आपल्या मागून येणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

तेव्हा यंदा पोत्यात काही टाकण्याआधी ते एकदा आकाशकंदिलाच्या उजेडासमोर धरून पाहा. कोण सांगावे, काळ्या चौकोनात एखादा डोंगर निघायचा. फक्त आधी हात पुसा. चिवड्याचे तेल निगेटिव्हवरून जात नाही.